भोकं पडलेली तोफ

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. ज्यांना हे कळून त्रास झाला असता अशी दोन माणसं होती, ती दोघंही आता नाहीत. त्यामुळं लिहायला हरकत नाही. एरवी माझं तोंड गप्प बसणारं नव्हे, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल.

मूळचा मी कोल्हापूरचा, फौंड्रीतला. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, शारजात भट्टीवर होते. त्यांनीच मला बोलावून घेतलं. औद्योगिक क्षेत्रात, गॅरेजं आणि भंगारवाल्यांच्या मधे आमची पत्र्याची शेड होती. दुबईत टॉवर उठत होते. त्यावरच्या क्रेनना मागच्या बाजूला तोल सांभाळायला लोखंडी वजनं लागतात, ती आम्ही ओतायचो. शिवाय गटारांची झाकणं. दाजी लोखंड वितळवायचे. मी इन्स्पेक्शनला. ओतलेल्या मालात खोट कुठं आहे ती हुडकायची आणि कशामुळं आली ते सांगायचं, हे माझं काम. भोक पडलं की ते कुणाचं, भट्टीवाल्याचं की साचेवाल्याचं, यावर फौंड्रीत रोज भांडणं होतात. माझी तर हातघाईवर जायची.

साचेवाला म्हणजे आमचा मिस्त्री. रत्नागिरीकडचा मुसलमान, खाडीकाठच्या गावचा. त्याचा आणि दाजींचा एकमेकांवर फार जीव. दुपारी दोघं एकत्र जेवायचे. मिस्त्रीच्या बायकोनं, तिला आम्ही भाभी म्हणायचो, दिलेलं माशाचं कालवण आणि माझ्या बहिणीनं, आक्कानं, दिलेला खर्डा. "ह्यो खर्डा भट्टीत टाक रे, शेठचं विजेचं बिल वाचेल," असं मिस्त्री म्हणायचा, आणि डोळ्यांतनं पाणी काढत तोच जास्त खायचा. दाजी म्हणायचे, "ह्या माणसानं मला कधी एक शब्द खोटा सांगितला नाही. साचा तयार म्हणाला की मी डोळे मिटून ओततो."

मग ते दोन हजार आठ आलं. टॉवर जिथल्या तिथं थांबले. क्रेनच थांबल्या तर क्रेनची वजनं कोण घेणार? शेड थंड पडली. दर गुरुवारी दुपारी शेठ एकेकाला केबिनमध्ये बोलवायचा आणि व्हिसा कॅन्सल म्हणून सांगायचा. शेठ मुंबईचा, दिसायला सभ्य, आवाज कधी चढवायचा नाही. एका फिटरनं केबिनमधून बाहेर येऊन हातोड्यानं शेठच्या गाडीची पुढची काच फोडली. वॉचमननं त्याला धरून जमिनीवर आपटलं, तोंडातनं रक्त आलं, आणि आम्ही सगळे बघत उभे राहिलो. मीही. पुढचा गुरुवार आपला असेल या भीतीनं आमच्या काळजाचं पाणी झालं होतं.

पुढच्या वर्षी एक विचित्र ऑर्डर आली. तोफ.

जपानच्या दक्षिण टोकाला पूर्वी एक सरदार घराणं राज्य करायचं. परक्यांची जहाजं दारात यायला लागली, तशी त्या घराण्यानं ठरवलं की आपणही तोफा ओतायच्या, जहाजं बांधायची, काच करायची, यंत्रावर सूत कातायचं. तसली भट्टी त्यांच्यातल्या कुणी पाहिलेली नव्हती. डच पुस्तकातली चित्रं बघून ती बांधली म्हणे. त्या सगळ्याचं तिकडं म्युझियम आहे. तिथल्या काही वस्तू हिवाळ्यात शारजाला प्रदर्शनाला येणार होत्या, आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांना सोबत एक तोफ हवी होती, जुन्या पद्धतीनं, मातीच्या साच्यात, इथंच ओतलेली. ओतताना फोटो काढणार होते. शेठच्या डोळ्यांत पहिल्यांदा चमक दिसली. आम्हालाही वाटलं, चला, भट्टी पेटतेय, निदान हा महिना तरी कुणाला विमानात बसवणार नाहीत.

मातीचा साचा खोलवर वाळावा लागतो. घाई केली तर वरून ठणठणीत आणि पोटात ओल. वितळलेलं लोखंड ओलीला लागलं की क्षणात वाफ होते आणि ती वाफ मिळेल त्या वाटेनं बाहेर फुटते. मिस्त्री म्हणाला होता, माती आहे, बिस्किट नाही, तिला तिचा वेळ द्या. पण फोटोवाल्या पाहुण्यांची तारीख ठरली होती. शेठ रोज साच्यासाठी खणलेल्या खड्ड्याशी येऊन उभा राहायचा आणि अरबीत घाई करायचा, "यल्ला मिस्त्री, यल्ला." ओतण्याच्या आदल्या सकाळी त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "साचा सूख गया ना?" मिस्त्री जरा वेळ साच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हां शेठ. खलास. तैयार है."

आता नारळाचं सांगतो, कारण सगळं त्या नारळापाशी येऊन अडलं. आमच्यात नवं काम काढलं की पहिल्या ओतण्याआधी नारळ फोडतात. कोल्हापुरात फोडतात, शारजातही आम्ही फोडायचो. पण कुठं फोडायचा याला शिस्त असते. शेडच्या दारात, उंबऱ्यावर. ओतण्याच्या जागी पाण्याचा थेंब न्यायचा नाही, हे फौंड्रीत पहिल्या दिवशी शिकवतात. त्या दिवशी दाजी नारळ घेऊन दाराकडं निघाले, तर शेठ म्हणाला, "अरे उधर नहीं, इधर गड्ढे के पास फोडो, मेहमान को फोटो चाहिए." दाजी नको म्हणाले. पुन्हा नको म्हणाले. शेठनं नुसतं बघितलं. त्या दिवसांत शेठचं ते बघणं पुरायचं. दाजींनी खड्ड्याच्या कडेच्या गर्डरवर नारळ आपटला, पाणी उडालं, कॅमेरे वाजले. दाजींनी लगेच खांद्यावरच्या टॉवेलनं कडा पुसून काढली. मिस्त्रीनं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि साच्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

साचा खड्ड्यात उभा पुरलेला होता, तोंड वर. दाजी लॅडलच्या चाकावर. लॅडल म्हणजे लोखंड ओतायची ती मोठी बादली. मिस्त्री आत बघत हातानं खूण करत होता, "आने दो, आने दो." साचा जवळजवळ भरला. मिस्त्रीनं थांबा म्हणायला हात वर केला आणि खड्ड्यानं आभाळाकडं ओकारी काढली. पिवळंधमक लोखंड छताला जाऊन थडकलं आणि तिथून खाली आलं. ज्याच्या ज्याच्यावर आलं तो तो किंचाळला. मिस्त्री किंचाळला नाही. त्याला तोंड उघडायला वेळच मिळाला नाही, आणि नंतर तोंड राहिलं नव्हतं. दाजी चाक सोडून धावले. त्यांनी त्या पेटलेल्या माणसाला कवेत धरलं आणि मागं ओढलं. मी दोघांवर वाळू टाकत होतो, शिव्या देत होतो, कुणाला देत होतो ते माहीत नाही. जळलेल्या मांसाचा वास नाकातनं महिनोन्‌महिने जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

मिस्त्री जागच्या जागी गेला. दाजींचा डावा डोळा गेला, उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली. हॉस्पिटलात पट्ट्या बदलताना ते असे ओरडायचे की आक्का बाहेर कॉरिडॉरमध्ये कानांत बोटं घालून भिंतीला डोकं टेकायची. फौंड्रीत परत काय झालं, ती फुटकी तोफ कुणी काढली, मला काही पत्ता नव्हता. मी कॉटशीच बसून होतो.

तिथं शेठ आला, फळांची पिशवी घेऊन. दाजी शुद्धीवर होते. शेठ त्यांच्या पायाशी उभा राहिला आणि त्याच त्याच्या मऊ आवाजात म्हणाला, "मैंने सबको बता दिया है, नारियल का पानी साचे में गया. ॲक्सिडेंट है. तुम्हारी पूजा ने बेचारे को मार डाला, क्या करें."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचं मला आठवतं ते एवढंच, की माझे दोन्ही हात शेठच्या नरड्यावर होते, त्याचा चष्मा माझ्या बुटाखाली चुरला होता आणि सफरचंदं कॉटखाली घरंगळत होती. त्याची जीभ बाहेर आलेली मी बघितली आणि मला बरं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं. दोन वॉर्डबॉय अंगावर पडले तेव्हा हात सुटले. शेठनं तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर बाकीचंही बोलावं लागलं असतं. नुसती माझी नोकरी गेली. शेजारच्या अजमानला दुसऱ्या फौंड्रीत मला काम मिळालं, कमी पगारावर.

पण शेठचं ते वाक्य दाजींच्या मनात रुतून बसलं. माझ्या नारळानं मिस्त्रीला मारलं. दुसरं बोलणंच नाही. मी म्हणायचो, दाजी, साचाच ओला असणार, लवकर ओतला. ते म्हणायचे, "मिस्त्रीनं तयार म्हटलं होतं."

"अहो, शेठच्या भीतीनं म्हटलं असेल."

"शेठला म्हणेल तो खोटं. मी पण तिथं उभा होतो, पावणं. माझ्यासमोर नाही म्हणणार." मला ते पावणं म्हणायचे, लाडानं. आता त्यात लाड उरला नव्हता.

आक्का शाळेत शिकवायची. तिच्या व्हिसावर ते घरी राहिले. शांत माणूस होते हो आमचे दाजी, पण त्या वर्षात त्यांनी घर डोक्यावर घेतलं. एका शुक्रवारी आक्कानं चटणीला ओलं खोबरं आणलं, विसरून. दाजींनी मिक्सरचं भांडं उचलून भिंतीवर मारलं, मग तो चिकटलेला हात दाराच्या चौकटीवर आपटत सुटले, कातडं फाटून रक्त येईपर्यंत. मी मागून कवळा घालून त्यांना खाली पाडलं आणि छातीवर बसलो. बहिणीच्या नवऱ्याच्या छातीवर. ते रडत म्हणत होते, "मला एकदा कळू दे रे. मी मारलं की नाही, एवढंच कळू दे."

भाभी दोन मुलींना घेऊन शारजातच भावाकडं राहत होती. तिच्याकडं दाजी एकदाही गेले नव्हते. कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणायचे.

हिवाळा आला तशी जुन्या शेडमधल्या एकानं मला बातमी दिली. प्रदर्शन लागलं होतं. धड तोफ त्यांनी दुसरीकडून ओतून घेतली होती, पण आमची फुटकी तोफही तिथं ठेवली होती. त्या जपानी घराण्याच्याही सुरुवातीच्या तोफा फसल्या होत्या, म्हणून शेजारी नमुना. मी तडक दाजींना सांगितलं. त्या तोफेच्या अंगावर लिहिलेलं असणार काय झालं ते, आणि ते वाचणं हाच माझा धंदा.

दाजी म्हणाले, "भाभीला घेऊन जाऊ. जे निघेल ते तिच्यासमोर."

"दाजी, डोस्कं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"तिच्यासमोर," ते म्हणाले.

आक्कानं फोन केला. भाभी येते म्हणाली, यावर माझा विश्वास बसेना. गाडीत मागं आक्का आणि भाभी, पुढं माझ्या शेजारी दाजी. आरशात मला भाभी दिसत होती. ती सबंध वेळ दाजींच्या मानेकडं बघत होती, जिथं जळलेली कातडी कॉलरमधून वर आली होती.

म्युझियमची इमारत थंडगार होती, गुळगुळीत फरशी, मंद दिवे. आत गेल्यावर पहिल्यांदा लाल काचेचे पेले होते, इतके नाजूक की श्वास लागला तर तडकतील असं वाटलं. भाभी त्यांच्यापुढं थांबली आणि आक्काला म्हणाली, "हे पण त्यांनीच केलं?" त्यानंतर भट्टीचं लाकडी मॉडेल. पहिली भट्टी स्वतःच्याच वजनानं कलंडली होती. दुसरीचा पाया बांधताना दगडांत खाचा ठेवल्या, जमिनीची ओल निघून जावी म्हणून. मी इंग्रजी पाट्या वाचून दाजींना मराठीत सांगत होतो. ओल म्हटल्यावर दाजींनी माझं मनगट पकडलं.

पुढं युद्धाचं दालन. इंग्रजांची जहाजं तिथल्या खाडीत आली, किनाऱ्यावरून ह्यांच्या तोफा उडाल्या, आणि इंग्रजांनी शहर पेटवलं, तो सगळा कारखानाही पेटवला. तोफगोळे, वितळून गोळा झालेली काच, जळका लाकूडफाटा. एवढं जळल्यावर ह्यांनी त्याच इंग्रजांकडून यंत्रं विकत घेतली आणि पुन्हा बांधलं. असली माणसं मला कळत नाहीत. मी असतो तर जन्मभर दगड मारत बसलो असतो.

त्या दालनात एक पडदा होता आणि त्यावर फिल्म सुरू होती. आम्ही समोर आलो आणि पडद्यावर तोफ उडाली. आवाज छातीत बसेल इतका मोठा ठेवला होता. दाजी उभ्या उभ्या खाली कोसळले. डोक्यावर हात, गुडघे पोटाशी, आणि तोंडातून एक घोगरा, जनावराचा आवाज. पडद्यावर पुन्हा धडाका झाला. मी गार्डवर ओरडलो, "बंद कर! बंद कर उसको, नहीं तो पडदा फाड डालूंगा!" तो माझ्याकडं यायला लागला, मी त्याच्या छातीवर हात मारून त्याला मागं ढकललं. लोक पांगले. शेवटी एक जपानी बाई धावत आली आणि तिनं फिल्म बंद केली. तीच प्रदर्शन सांभाळत होती. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला सांगितलं, तुमची ती फुटकी तोफ, त्यात ह्यांचा डोळा गेला, एक माणूस मेला, आणि ही त्याची बायको.

ती जपानहून वस्तूंबरोबर नंतर आली होती आणि इथल्या कुणी तिला हे सांगितलंच नव्हतं. शेठनं कागदावर फक्त ओतकाम बिघडलं असं लिहून तोफ देऊन टाकली होती. बाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती भाभीसमोर कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली. भाभीला काय करावं कळेना, ती तिचे खांदे धरून तिला उठवायला लागली. मला बाईचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

तोफ शेवटच्या दालनात होती, आडवी, दोन लाकडी ठोकळ्यांवर. एक मुलगा दोरीखालून जाऊन तिच्यावर घोड्यावर बसतात तसा बसला होता. त्याचा बाप मराठीत म्हणत होता, "अरे उतर, फोटो झाला," आणि मुलगा म्हणत होता, "वन मोर, डॅड." मी मुलाला बखोट धरून खाली काढलं. बाप अंगावर आला. "हात लावायचं काम नाही हां," म्हणाला. मी म्हटलं, "हिच्यापायी माणूस मेलाय. पोराला घे आणि चालायला लाग." माझं तोंड कसं दिसत होतं कोण जाणे, तो मुकाट्यानं गेला.

जपानी बाईनं दोरी काढली आणि स्वतः लांब जाऊन उभी राहिली. आक्का भाभीला घेऊन भिंतीशी बाकावर बसली. भाभीनं डोळे मिटले होते, ओठ हलत होते. मी आणि दाजी पुढं गेलो.

मी खाली बसलो, मोबाइलचा उजेड लावला आणि तळाच्या टोकापासून सुरुवात केली. बोटांनी चाचपत, इंच इंच. पहिल्या हातभरातच मला कळलं, तरी मी तोंडापर्यंत गेलो. मग खाली वाकून पोटाची बाजू बघितली, मग दुसरी बाजू. आंबोळीला जाळी पडते तशी त्या तोफेच्या कातडीला भोकं पडली होती. टोकापासून टोकापर्यंत, चहूबाजूंनी.

"दाजी," मी हळू म्हणालो, "नारळ नाही."

ते माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसले.

"ऐका. नारळाचं पाणी आत गेलं असतं तर एका बाजूनं ओघळून तळाशी साचलं असतं. पहिली धार पडल्या पडल्या उडालं असतं. आपला साचा भरत आला तोवर काही झालं नव्हतं, आठवतंय ना? आणि ही भोकं बघा, सगळीकडं आहेत. एका नारळात पाणी किती, पेलाभर. आणि तेही तुम्ही पुसलं होतं. ही बादल्यांनी पाणी मुरलेली माती आहे दाजी. साचा ओला होता. आतून चिंब ओला होता. कुठल्याही फौंड्रीतला कुठलाही माणूस आणून दाखवा, हेच सांगेल."

दाजींनी चांगल्या हाताची करंगळी एका भोकात घातली. मग दुसऱ्या. मग तो चिकटलेला हात तोफेवर सपाट ठेवून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. आता सुटले, मी मनात म्हटलं, सुटला माझा दाजी.

ते परत आले तेव्हा त्यांच्या तोंडावर सुटकेचं चिन्ह नव्हतं. "म्हणजे त्याला माहीत होतं," ते पुटपुटले. "माहीत असून तो तोंडाशी उभा राहिला."

"शेठनं उभं केलं त्याला!"

"लोक शेठचं नाव नाही घेणार. साचा कुणी केला विचारतील."

मागं पावलं वाजली. भाभी उठून आली होती, आक्का तिच्यामागं. भाभी तोफेकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"काय निघालं?" तिनं विचारलं. "तुम्हाला यातलं कळतं म्हणतात. सांगा."

"भाभी," मी म्हणालो, "नारळ नव्हता. साचा..."

फाडकन आवाज झाला. दाजींनी माझ्या तोंडात मारली होती, त्या जळक्या हातानं, सगळ्या ताकदीनिशी. मी तोफेवर आदळलो. ओठ फाटला. आक्का ओरडली. आयुष्यात कधी दाजींनी माझ्यावर हात उगारला नव्हता. माझी मूठ वर गेली होती, आणि ती मूठ तशीच राहिली, कारण त्यांचा तो एक डोळा माझ्याकडं असा बघत होता की मला पुढं येऊ देईना.

"हा मला वाचवायला बघतोय," दाजी भाभीला म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ होता. "माझा मेव्हणा आहे ना. नारळच होता भाभी. पाणी आत गेलं. मी फोडायला नको होता तिथं."

"आणि साचा?" भाभीनं विचारलं. "साचा सुकला होता?"

"पक्का सुकला होता. मिस्त्रीनं केलेला साचा ओला राहील होय?"

भाभी मटकन खाली बसली, त्या गुळगुळीत फरशीवर, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. पण ते रडणं मिस्त्री गेला त्या दिवशी मी हॉस्पिटलात ऐकलं होतं तसं नव्हतं. आक्का तिच्याजवळ बसली. भाभी तुटक तुटक बोलत होती, आक्काच्या खांद्यावर डोकं घासत.

"रोज घरी येऊन म्हणायचे, ओला आहे, अजून ओला आहे, मी शेठला नाही म्हणून सांगणार. मीच भांडले त्यांच्याशी. म्हटलं, सगळ्यांना घालवतायत, तुम्हालाही घालवतील, पोरींना घेऊन मी कुठं जाऊ? होय म्हणून टाका. पायांवर डोकं ठेवलं मी त्यांच्या. होय म्हणून टाका म्हटलं." तिनं तोंडावरचे हात काढले. "एवढे दिवस मला वाटत होतं मीच मारलं त्यांना. म्हणजे सुकला होता. त्यांनी खरंच बघून सांगितलं होतं."

"खरंच बघून," दाजी म्हणाले.

मला ओरडायचं होतं. शेठचं नाव घेऊन, छताला तडा जाईल असं ओरडायचं होतं. तोंडात रक्त आलं होतं ते मी गिळलं.

भाभी आक्काचा आधार घेऊन उठली. डोळे पुसले, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि सगळ्या दिवसात पहिल्यांदा दाजींच्या तोंडाकडं सरळ बघितलं.

"भाऊ," ती म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलं. दिलसे केलं. तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

दाजींनी हात जोडले, जेवढे जुळत होते तेवढे, आणि मान खाली घालून ती माफी घेतली. मग आक्का म्हणाली, गाडी दारात आण, आणि मी गाडी आणायला गेलो.